ओठ न मिटणारा शब्द

ट्रे आत सरकला, विमानतळावरच्या तपासणी-यंत्राच्या रबरी झालरीमागे दिसेनासा झाला आणि ठकू किंचाळली, "आई! आई! आई!" रांगेतल्या सगळ्या माना आधी ठकूकडे वळल्या आणि मग, साहजिकच, हिच्या आईला शोधायला इकडेतिकडे. तिच्या बापाच्या डाव्या हातात ठकू होती. उजव्या हातात बाबागाडी होती, अर्धी मिटलेली. ही गाडी मिटायला लाल खटका दाबायचा, पायाने खालची दांडी उचलायची आणि एक हिसका द्यायचा. दुकानदाराने एका हाताने मिटवून दाखवली होती, पण त्या गृहस्थाच्या दुसऱ्या हातात मूल नव्हतं. डायपरची पिशवी खांद्यावरून घसरत कोपरापर्यंत आली होती. मागे पट्ट्यावर दुधाच्या पावडरीचा डबा, उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली, पांघरूण, आणि त्याच्या थोरल्या बहिणीने, ताईने, "असू दे रे, लागतं" म्हणत शेवटच्या क्षणी कोंबलेली आणखी एक पिशवी, जिच्यात काय होतं ते त्याला अजून कळलं नव्हतं. ठकू दोन्ही हात यंत्राकडे पसरून, सगळं अंग ताणून ओरडत होती. तपासणीवरच्या बाईंनी हातातलं काम थांबवलं. "आई पुढे गेली का हिची? बोलवा ना तिला मागे, घेऊ दे पोरीला." "नाही हो," तो म्हणाला, "आई नाहीये इथे. ती फोनला म्हणतेय." बाई हसल्या. मागचे दोघेतिघे हसले. तोही हसला, आणि हसता हसता त्याला आपलंच वाक्य ऐकू आलं.

पलीकडे ट्रे बाहेर आला. ठकूने झडप घालून फोन उचलला, काळ्या पडद्यावर गाल टेकला आणि अगदी समाधानाने, हळू म्हणाली, "आई." फोनवर त्या वेळी कुणी नव्हतं. नुसती काच होती, आणि काचेत विमानतळाच्या छताचे दिवे. तो बाबागाडी उघडायची विसरून तिथेच उभा राहिला. मागचा माणूस "चला की साहेब" म्हणाला तेव्हा तो बाजूला झाला. फोनमध्ये आई आहे, असं ठकूला वाटत असतं तर एक वेळ ठीक होतं. पण तिला तसं वाटत नव्हतं. या वस्तूचं नावच आई, असं ती शिकली होती. आणि शिकवलं कुणी? त्यानेच, आणखी कोण. रोज संध्याकाळी फोन वाजला की तो ठकूपुढे धरायचा आणि म्हणायचा, "ही बघ आई. आई आली. घे आई." भांडं पुढे करून "पाणी" म्हणावं, तसंच. ठकू बिचारी हुशार निघाली. जे हातात दिलं, त्याचं नाव तिने चोख पाठ केलं.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली आणि प्रत्येक आठवण उलटी निघाली. ठकू पहिल्यांदा "आई" म्हणाली तो दिवस. ती खाटेच्या कडेला धरून उभी होती, फोन वाजला, त्याने उचलला आणि ती स्पष्ट म्हणाली, "आई." पलीकडे बायको तोंडावर हात ठेवून रडली. ताईने शेजारीपाजारी सांगून टाकलं. त्यालाही काय अभिमान वाटला होता! आईपासून एवढ्या लांब असलेल्या पोरीला पहिला शब्द आईचाच सुचावा, यात आपलं काहीतरी मोठं कर्तृत्व आहे असं वाटून तो दोन दिवस ताठ मानेने फिरला होता. नंतर फोन चार्जिंगला लावलेला असला की ठकू त्याच्याखाली बसून "आई, आई" करायची, आणि ताई डोळे पुसत म्हणायची, "बघ कशी आठवण काढते लेकरू." शेजारच्या बाईंचा फोन बघून ती "आई" म्हणाली तेव्हा सगळे हसले. त्याच्या कामाच्या स्टुडिओत एकदा नेलं तर तिथे टेबलावर पडलेल्या चार फोनना तिने चार वेळा आई म्हटलं. आणि परवा न्हाणीघरात तिने नवी कोरी साबणाची वडी उचलून कानाशी लावली आणि म्हणाली, "आई." एवढं झाल्यावर कुणाही शहाण्या माणसाच्या डोक्यात प्रकाश पडला असता. त्याने तिच्या हातातून वडी काढून घेतली, कान पुसला आणि तो विषय तिथेच सोडला.

आणि त्याला तर कळायलाच हवं होतं, कारण शब्द कुठे चिकटवायचा हे तर त्याचं पोटापाण्याचं काम. परभाषेतल्या मालिका यायच्या, त्यांतल्या माणसांच्या तोंडी आपल्या भाषेतले शब्द बसवायचे. ओठ उघडले की उघडा स्वर, ओठ मिटले की मिटणारं अक्षर. जगातल्या कितीतरी भाषांत आईला हाक मारताना माणसं ओठ मिटतात, म-म करतात. पडद्यावर पोरगं ओठ मिटतंय आणि आपल्याकडचा शब्द 'आई'. यात ओठ कुठे मिटतच नाहीत. नुसतं तोंड उघडायचं आणि गालांकडे ताणायचं. कितीदा तो या एका शब्दापाशी अडून बसला होता. एका लेखकाने वैतागून सांगितलं होतं, "मग 'मम्मी' करा हो, काय बिघडतं?" पण त्याने हट्टाने 'आई'च ठेवलं, पोराची मान वळलेली असेल अशा जागी ते वाक्य सरकवलं. घरी मात्र त्याने जे दिसतंय त्यावर नुसता शब्द ठेवून दिला होता. मापात बसतोय का बघितलंही नव्हतं.

गेटपाशी ठकूला गाडीत बसवून तो खुर्चीवर टेकला. बायको आता काय करत असेल? नवजात बाळांच्या विभागात नर्स होती ती. या नोकरीच्या आधी लांबच्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात प्रशिक्षण घ्यावं लागणार होतं आणि वसतिगृहात मुलांना मनाई होती. "तुझं काम कुठेही होईल, माझं हे तिथेच होणार," ती म्हणाली होती, आणि ते खरंच होतं. तेव्हा ठकू रांगतही नव्हती. आता प्रशिक्षण संपलं होतं, तिला नोकरी कायम झाली होती, दोन खोल्यांची जागा मिळाली होती, खिडकीला पडदेसुद्धा लावून झाले होते. काल रात्रपाळी करून ती आज सरळ विमानतळावर येणार होती. रात्रंदिवस दुसऱ्यांची पोरं हाताळणारी बाई आपल्या पोरीला घ्यायला दोन्ही हात पसरून उभी राहील आणि ठकू तिच्याकडे बघून तोंड फिरवेल, त्याचा शर्ट धरेल, त्याच्या खिशाकडे बोट दाखवून म्हणेल, "आई." हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे अगदी स्वच्छ उभं राहिलं. तिला आधी सांगायला हवं. फोन ठकूच्या हातून सोडवून, तिच्या रडण्याकडे काणाडोळा करून त्याने लिहिलं, 'एक सांगायचं होतं.' पुढे काय लिहावं? 'तू आई नाहीस, तू फोनमधली बाई आहेस'? तो विचार करत असताना ठकूने गाडीतून उठून फोनवर पंजा मारला आणि तेवढंच वाक्य सुटलं. लगेच घोषणा झाली, लहान मुलं बरोबर असलेल्यांनी आधी यावं. गाडी मिटायची, तिला चिठ्ठी बांधून दारापाशी सोडायची, ठकू, पिशवी, दुसरी पिशवी. विमानात बसून श्वास घेईपर्यंत फोन बंद करायची वेळ झाली होती. म्हणजे आता विमान उतरेपर्यंत बायकोकडे एवढंच होतं, एक सांगायचं होतं. वा रे वा.

हवाई सुंदरीने त्याच्या पट्ट्यात अडकवायचा छोटा पट्टा आणून दिला आणि ठकू त्याच्या पोटाशी बांधली गेली. शेजारी खिडकीशी एक म्हातारे गृहस्थ होते, हाताचे पंजे फावड्याएवढे. त्यांनी ठकूकडे बघितलं, मग ताईच्या पिशवीकडे, आणि आपले पाय मुकाट्याने आखडून घेतले. विमान धावायला लागलं तशी ठकूने भोकाड पसरलं. कान दुखत असणार. त्याने बाटली तोंडाशी धरली, तिने ती भिरकावली, ती म्हाताऱ्यांच्या मांडीवर पडली. "राहू द्या, राहू द्या," ते म्हणाले, "माझ्या कपड्यांनी यापेक्षा वाईट दिवस पाहिलेत." ठकू रडत रडत त्याच्या खिशावर थापा मारू लागली. "आई! आई!" म्हाताऱ्यांनी विचारलं, "आई नाही का बरोबर?" आणि का कोण जाणे, त्या अनोळखी माणसाला त्याने सगळं सांगून टाकलं. फोनचं, साबणाचं, विमानतळावरच्या यंत्राचं, आणि पलीकडे उभी असेल तिचं. घरात ताईला सांगायची त्याची छाती झाली नसती. सांगता सांगता मध्येच त्याने ठकूचं नाक पुसायचं निमित्त केलं.

म्हाताऱ्यांनी मांडीवरची बाटली पुसून त्याच्या हातात दिली. मग एकदम खुदकन हसले. "मी ट्रक चालवायचो," ते म्हणाले. "लांब पल्ल्याचा. घरी आलो की झोपायचो, उठलो की निघायचो. निघताना बायको पोराला कडेवर घेऊन दारात यायची, टाटा कर, टाटा कर. पोराला वाटलं हे माझं नाव. मी दिसलो की म्हणायचा, टाटा. मी नुकता दारात येतोय, पायांतल्या वहाणा काढल्या नाहीत, आणि हा आपला हात हलवून टाटा! माझी आई तर कपाळाला हात लावायची. म्हणायची, अरे, तो आलाय, आलाय!"

"मग? कधी सुटलं ते?"

"सुटतंय कसलं. चाळिशीला आला आता, डोक्यावरचे केस गेले. आता त्याच्याकडेच चाललोय. दार उघडून म्हणेल, या टाटा." ते खिडकीकडे वळले. "पहिल्यांदा वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू. ट्रक विकावासा वाटला होता. पण त्याला तो शब्द लागायचा मी दिसलो की, जेवताना, ताप आला की. मग मला दुसरा शब्द परका वाटायला लागला." एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले आणि ते चक्क घोरू लागले.

ठकूही दमून झोपली. तिचं डोकं त्याच्या गळ्याशी घामेजलं होतं. बाहेर ढग होते, आणि त्यांच्यावरचं ऊन इतकं होतं की खिडकीची झापड म्हाताऱ्यांनी झोपायच्या आधी खाली ओढली नसती तर ठकू जागीच राहिली असती. त्याच्या मनात आलं, आता उठली की तिला बायकोचा फोटो दाखवावा, कागदावरचा, हातात न वाजणारा. त्याने एका हाताने पाकीट चाचपलं. त्यात ठकूच्या जन्मावेळचा पायाचा ठसा होता, ताईचा पत्ता होता, बायकोचा फोटो नव्हता. अख्ख्या संसाराचे फोटो होते, हजारोंनी होते, सगळे फोनमध्ये. त्याला हसू आलं आणि ते दाबताना ठकू हलली. त्याने ताईची पिशवी पायाने ओढून उघडली, आत तरी काही असेल म्हणून. आत तीन झबली, एक वाटी, एक चमचा, त्याच्या स्वतःसाठी एक बदलायचा शर्ट, आणि घडी केलेला जुना टॉवेल. त्याने शर्ट नाकाशी धरला. ताईला कळलं होतं, पोरगी ओकली तर बापाच्या अंगावर ओकणार. त्याचा विचार आणखी कुणी केला नव्हता, त्याने स्वतःही नाही.

ठकू त्याला काही म्हणत नसे, हे त्याला तेव्हा सुचलं. बाबा नाही, बा नाही, काही नाही. पंख्याला ती भू म्हणे, चमच्याला तातू, कुत्र्यालाही काहीतरी होतं. त्याच्यासाठी शब्द नव्हता. याचं त्याला मधूनमधून वाईट वाटलं होतं, पण बोलून दाखवलं नव्हतं. पुरुषाने असल्या गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात असं त्याला उगाचच वाटे. आता तिचा श्वास गळ्यावर घेत बसलेला असताना त्याला कळलं की हाक मारायला माणूस थोडा तरी लांब असावा लागतो. तो कधी लांब नव्हताच. रात्री हात लांबवला की तो होता, पडली की होता, तिने रडायला तोंड उघडायच्या आत होता. म्हणजे नावं ही लांबच्यांची सोय. आणि मग एवढे दिवस ठकूने त्या काळ्या काचेला रोज हाक मारली, ती उगाच मारली का? लांबचं कुणीतरी जवळ यावं म्हणूनच ना? हे आपण मनाची समजूत घालायला म्हणतोय का खरंच म्हणतोय, त्याला सांगता आलं नसतं. पण ते मघाचं चित्र डोळ्यांपुढून हललं होतं. बायकोला भेटायचंय, त्याला वाटलं, साधं, सरळ. ठकूचं राहू दे बाजूला. मला तिला बघायचंय. किती दिवसांत हे त्याने असं एकट्यापुरतं म्हटलं नव्हतं.

विमान उतरलं. म्हाताऱ्यांनी ताईची पिशवी दारापर्यंत आणून दिली आणि ठकूला हात हलवून म्हणाले, "टाटा." स्वतःशीच हसत ते गर्दीत मिसळले. फोन त्याने चालू केला नाही. तो डायपरच्या पिशवीत, अगदी तळाशी, पांघरुणाखाली घालून टाकला. बायको काळजीत असेल हे कळत होतं, पण पुढच्या काही मिनिटांत ठकूच्या हातात ती वस्तू नको, एवढं एकच त्याने ठरवलं होतं. सामानाच्या पट्ट्यावरून, निघताना सामानात दिलेली ठकूची कारसीट धडधाकट आली, बाबागाडी मात्र एक चाक आत मुडपून आली. त्याने खटका दाबला, दांडी उचलली, हिसका दिला, पुन्हा हिसका दिला. गाडी उघडेना. शेवटी सगळं ढकलगाडीवर रचलं आणि ठकूला खाली उभं केलं. तिने ढकलगाडीची दांडी धरली आणि आपणच ती ढकलतोय अशा थाटात चालू लागली. दर चार पावलांना थांबायची, जमिनीवरच्या पिवळ्या पट्टीला हात लावायची, पुन्हा चालायची. लोक दोन्ही बाजूंनी पुढे जात होते. त्याने तिला उचललं नाही.

काचेचं दार सरकलं. बायको समोरच होती, कठड्याला चिकटून, झोप न झालेल्या डोळ्यांनी. अंगात रुग्णालयाचीच गडद पँट आणि वरून स्वेटर, एक बटण चुकवून लावलेला. ती आधी त्याच्याकडे आली. "काय सांगायचं होतं? फोन का बंद ठेवलास? जीव टांगणीला लागला माझा. बरी आहे ना ती?"

"बरी आहे. आम्ही दोघेही बरे आहोत." त्याला वाटलं होतं की कसं सांगावं याचा विचार करावा लागेल, पण तिला एवढ्या जवळ बघून ते आपोआप बाहेर पडलं. "अगं, ती आई म्हणते ना, ते तुला नाही म्हणत. फोनला म्हणते. माझ्या आज लक्षात आलं."

"मला माहितीये," बायको म्हणाली.

"माहितीये?"

"अरे, तू फोन उचललास की चित्र यायच्या आधी आवाज येतो. मी अजून दिसतही नसायचे आणि ती आई म्हणून मोकळी. कधीचं कळलंय मला. तू इतका खूश होतास, मला बोलवेना." ती हे ठकूकडे बघत बोलत होती. हात मात्र तिने पुढे केले नव्हते. दोन्ही हात स्वेटरच्या बाह्यांमध्ये ओढून घेतले होते, घट्ट. "उचलू नकोस तिला," ती म्हणाली. "माझ्याकडे पाठवूही नकोस. वॉर्डात बघते ना मी, आया बाळंतपण झाल्यावर कशा झडप घालतात. बघू दे तिला. तिला हवं तेवढं बघू दे."

ठकूने ढकलगाडीची दांडी सोडली होती. ती मान वर करून बायकोच्या चेहऱ्याकडे बघत होती. कपाळावर आठी होती. चेहरा ओळखीचा असावा, पण तो इतक्या उंचावर कसा, हे कळत नव्हतं. मग तिची नजर खाली आली. चेहऱ्याखाली गळा, गळ्याखाली स्वेटर, इथपर्यंत तिला ठाऊक होतं. त्याच्याखाली पुष्कळच काही निघालं. ती जवळ गेली. चुकलेल्या बटणाकडे बघितलं, गुडघे बघितले, खाली बसून बुटांवर हात ठेवला, एका बुटावर आणि मग दुसऱ्या बुटावर. बायको श्वास रोखून उभी होती. त्याने ढकलगाडी दोन्ही हातांनी धरून ठेवली. ठकू उठली, पँटला एका हाताने धरून वळसा घालू लागली, आणि चालत चालत बायकोच्या मागे गेली.

बायकोने मान वळवली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलंही नाही. "काय करतेय?" तिने कुजबुजत विचारलं.

"मागे उभी आहे."

"काय बघतेय?"

"तू किती आहेस ते."

बायकोला हसू फुटलं, रडता रडताच, आणि तेवढ्यात मागून दोन मुठी तिच्या पँटला घट्ट बिलगल्या आणि एक कपाळ गुडघ्याच्या लवणीत येऊन टेकलं. ती हलली नाही. लोक दोन्ही बाजूंनी सामान ढकलत जात होते, तिला वळसा घालून.

"पुष्कळ आहे म्हणावं," ती म्हणाली.